कलकत्त्याची वाट आणि वंगकथेतील करुण

रामायणाच्या जन्माची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तमसेच्या तीरावर क्रौंच पक्ष्यांच्या जोडप्यातील नराला व्याधाने मारले, मागे राहिलेल्या मादीचा आक्रोश वाल्मीकींच्या कानी पडला आणि त्यांच्या शोकाला श्लोकाचे रूप आले. आपल्या परंपरेने काव्याचा उगम असा एका मोडलेल्या संसारात पाहिला आहे. त्या पक्ष्यांशी ऋषींचे नाते काय होते? काहीच नव्हते. तरीही त्यांचे अंतःकरण द्रवले. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, किंबहुना जे कधी जन्मलेच नाहीत, अशा माणसांच्या घरातील दुःख वाचताना आपला गळा का दाटून यावा, हा प्रश्न म्हणूनच साहित्याइतका जुना आहे. त्याचे एक उत्तर कलकत्ता शहरात रचल्या गेलेल्या कथांमधून मिळते असे मला वाटते. सुमारे १८७३ पासून १९२९ पर्यंतच्या या कथांच्या इतिहासाचा मागोवा आज आपण घेणार आहोत.

आरंभी आपल्या साहित्यशास्त्राकडे वळणे इष्ट ठरेल. शोक हा करुण रसाचा स्थायिभाव, हे सर्वश्रुत आहे. पण भरताने नाट्यशास्त्रात विरहाचा शृंगार आणि करुण यांच्यामध्ये जी सीमारेषा आखली आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. विरहातही अश्रू असतात आणि करुणातही असतात. भेद एवढाच की विरहात अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. एक सापेक्ष, दुसरा निरपेक्ष. प्रिय माणूस दूर आहे, पण परत येईल, अशी आशा जोवर आहे तोवर तो विरह. आशेचा धागा तुटला की करुण. ही रेषा बारीक आहे खरी, परंतु थोर कथाकार आपली सारी शक्ती या रेषेवरच वेचतात. कथेतील माणूस अजून रेषेच्या अलीकडे, आशेत उभा आहे. वाचकाला मात्र ठाऊक आहे की आशा केव्हाच संपली. या दोन जाणिवांमध्ये जे अंतर पडते, त्या अंतरातच आपल्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने हे अंतर ओळखले होते. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात जनस्थानात आलेला राम सीता नाही म्हणून व्याकुळ होतो आणि अदृश्य रूपातील सीता त्याच्याजवळच उभी असते. प्रेक्षकाला ती दिसते, रामाला दिसत नाही. मात्र भवभूतीने शेवटी दोघांची भेट घडवून आणली. संस्कृत नाटकाच्या संकेताप्रमाणे उशीर कितीही झाला तरी तो भरून निघे. एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्यात जी कथा जन्मली, तिने हा संकेत मोडला. तेथे माया येते, आठवण येते, नवी वस्त्रे येतात, पण वेळ टळून गेल्यावर येतात. वंगकथेतील करुणाचे मर्म या एका शब्दात सांगता येईल : उशीर.

हा उशीर लेखकांच्या कल्पनेतून निघालेला नव्हता. ज्या समाजात ते राहत होते त्याच्या जीवनक्रमातच तो रुजलेला होता. १८५४ मध्ये हावडा ते हुगळी अशी आगगाडी सुरू झाली. १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ मध्ये सियालदहून पूर्वेकडे कुष्टियापर्यंत लोहमार्ग पोचला. सरकारी कचेऱ्या, सौदागरी पेढ्या, न्यायालये, महाविद्यालये या सर्वांनी खेड्यांतील शिकलेला पुरुष शहराकडे ओढून घेतला. बायकामुले मात्र गावीच राहिली. १९०१ च्या खानेसुमारीत कलकत्त्यातील पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट भरली, यावरून या ओढीचा अंदाज यावा. हजारो कारकून आणि विद्यार्थी ‘मेस’मध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडात, दिवस काढीत आणि पूजेच्या सुटीची वाट पाहत.

बंगाली भाषेने या स्थितीची नोंद मोठ्या मार्मिकपणे केली आहे. ‘बासा’ आणि ‘बाडी’ असे दोन वेगळे शब्द तेथे आहेत. शहरातला तो बासा. वडिलोपार्जित, गावाकडची ती बाडी. आपल्याकडेही बिऱ्हाड वेगळे आणि घर वेगळे. मुंबईतील गिरणीच्या चाळीत ज्याचे बिऱ्हाड आहे आणि कोकणात ज्याचे घर आहे, त्या चाकरमान्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मनिऑर्डर, आजारपणाचे पत्र, बोटीची वाट पाहणारी म्हातारी ही सारी आपलीही चित्रे आहेत. एका कुटुंबाचे असे दोन भाग झाले म्हणजे त्यांच्यामध्ये रस्ता येतो आणि रस्ता आला की उशीर आलाच. मृत्यू पूर्वीही घरात येत असे. पण घरातील माणूस त्या वेळी दूरच्या एका खोलीत हिशेबाच्या वह्या लिहीत बसलेला असावा, ही नव्या काळाची देणगी होती.

या कथांच्या इतिहासाचा आरंभ बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांपासून करावा लागतो. १८७२ मध्ये त्यांनी ‘वंगदर्शन’ मासिक काढले आणि त्यातच त्यांची ‘विषवृक्ष’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८७३ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हा सतरा वर्षे लोटली होती. नगेंद्र हा सज्जन गृहस्थ अनाथ, बालविधवा कुंदनंदिनीवर अनुरक्त होतो, तिच्याशी विवाह करतो, आणि पहिली पत्नी सूर्यमुखी घर सोडून जाते. पुढे सूर्यमुखी परत येते, पण त्या आनंदाच्या गडबडीत कुंदेकडे पाहावयाचे राहून जाते. ती विष घेते. मरताना ती नवऱ्याला जे सांगते त्याचा आशय असा की, काल येऊन एकदा नावाने हाक मारली असती तरी मी मेले नसते. ‘काल’ या एका शब्दात पुढील अर्धशतकाच्या कथांचे बीज आहे. तथापि बंकिमचंद्र न्यायाधीशाच्या आसनावरून खाली उतरत नाहीत. मोहाचे झाड लावले की विषाची फळे येतात, असा निवाडा ते देतात आणि या वृक्षाच्या कथेने घरोघरी अमृत फळो, अशी सदिच्छा प्रकट करून ग्रंथ संपवितात. दोष कोणाचा हे वाचकाला कळते. शोकाला शिक्षेचा रंग चढतो आणि करुणेच्या वाटेत नीतीची भिंत उभी राहते.

ती भिंत रवींद्रनाथांनी दूर केली. १८९१ मध्ये ‘हितवादी’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि त्यात त्यांच्या पहिल्या काही लघुकथा आल्या. त्यांपैकी ‘देनापावना’ ही हुंड्याची कथा. रामसुंदर मित्राने लाडक्या निरुपमेसाठी रायबहादुराचे घर पाहिले आणि दहा हजार रुपये कबूल केले. लग्नाच्या दिवशी रक्कम पुरी होईना. तेव्हा नवरामुलगाच म्हणाला की खरेदीविक्री मला समजत नाही, मी लग्नाला आलो आहे. लग्न लागले, पण मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आणि निरुपमा सासरी ओलीस राहिली. बाप मुलीला भेटावयास येई तो चोरासारखा. अखेर त्याने राहते घर विकून पैसा उभा केला, तेव्हा मुलीनेच त्याला बजावले की यातला एक पैसाही द्याल तर माझा अपमान होईल. मी काय केवळ पैशाची थैली आहे? त्यानंतर ती झुरत गेली आणि औषधावाचून मेली. तिची अंत्ययात्रा मात्र मोठ्या थाटाची निघाली. चंदनाची चिता रचली गेली आणि रायबहादुराच्या घराण्याच्या इभ्रतीची वाखाणणी झाली.

या ठिकाणी दुसऱ्या एखाद्या लेखकाने आपला कंठ मोकळा केला असता. रवींद्रनाथांचा निवेदक मात्र एक अश्रूही ढाळीत नाही. त्या थाटाचे वर्णन तो जणू कौतुकाने करतो. नंतर परगावी असलेल्या नवऱ्याचे पत्र येते : येथे राहावयाची सोय झाली आहे, पत्नीला त्वरित पाठवावे. त्याला आईचे उत्तर जाते की दुसरी मुलगी पाहिली आहे, रजा काढून ये. या खेपेस हुंडा वीस हजारांचा, आणि तोही रोख. येथे कथा संपते. एका पत्राला उशीर झाला आणि दहाच्या जागी वीसचा आकडा आला. लेखकाने या दोन गोष्टींखेरीज अधिक काही सांगितले नाही, आणि म्हणूनच वाचकाला उरलेले सारे स्वतःच्या मनात म्हणावे लागते. करुणेचा उच्चार लेखकाने केला तर वाचक ऐकून घेतो. लेखक गप्प राहिला तर तोच उच्चार वाचकाच्या अंतःकरणातून उमटतो.

‘देनापावना’त निदान दोषी माणसे आहेत. दीड वर्षाने ‘साधना’ मासिकात आलेल्या ‘छुटी’ या कथेत तीही नाहीत. त्या सुमारास रवींद्रनाथ जमीनदारीच्या कामासाठी पद्मेच्या काठी वावरत होते. नदीकाठी पडलेले जहाजाच्या डोलकाठीचे प्रचंड लाकूड गावची पोरे ढकलीत आहेत आणि एक लहानगी मुलगी मुकाट्याने येऊन त्यावर बसली आहे, असे दृश्य त्यांनी शाहजादपूरला पाहिले आणि १८९१ मधील एका पत्रात वर्णन केले. याच दृश्यातून ‘छुटी’चा आरंभ झाला. फटिक हा तेरा वर्षांचा दांडगा मुलगा. मामा शिक्षणासाठी त्याला कलकत्त्याला नेतो. मुलगा आनंदाने जातो, आईलाही हायसे वाटते. मामाच्या घरी मामीची स्वतःची तीन मुले आहेत. तिला हे चौथे ओझे जड होते. तेरा वर्षांचे पोर धड लहान नाही, धड मोठे नाही, त्याला माया हवी असते आणि ती मागता येत नाही, हे रवींद्रनाथ थोडे थांबून समजावून सांगतात. घरी केव्हा जावयाचे, असे मुलगा विचारतो. सुटी लागू दे, असे मामा म्हणतो. ताप अंगावर घेऊन पोर भर पावसात घराबाहेर पडते आणि पोलीस त्याला परत आणून सोडतात. वातात ते बोटीवरच्या खलाशांप्रमाणे पाण्याची खोली मोजू लागते, आणि तळ काही लागत नाही. आई धावत येते. तेव्हा तो तिला सांगतो की आपल्याला सुटी लागली आहे, आपण घरी निघालो आहोत.

या कथेत अपराधी शोधू लागलो तर कोणाचे नाव घ्यावे? मामा प्रेमळ आहे. मामी त्रासलेली आहे, दुष्ट नाही. आई पोराच्या खोड्यांनी कंटाळली होती, एवढेच. प्रत्येकाची चूक रतीभर. पण त्या साऱ्या चुका एका मुलाच्या अंगावर एकाच वेळी पडल्या. खलनायक असला म्हणजे आपला शोक रागाच्या वाटेने निघून जातो. खलनायक नसला म्हणजे त्याला बाहेर पडावयास वाट राहत नाही. तो आपल्याकडेच वळतो आणि आपण कोणाला सुटी लागेपर्यंत थांब असे सांगितले होते, हे आठवू लागतो. अपरिचितांच्या दुःखाने आपण का रडतो, या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. ते दुःख परके राहत नाही, कारण त्यातील चूक आपल्या ओळखीची असते.

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी ही कथा घरोघर पोचविली. मराठी वाचकांना त्यांचा परिचय मामा वरेरकरांच्या अनुवादांतून झाला आणि एक काळ असा होता की शरदबाबू हे मराठीच लेखक आहेत असे वाचणाऱ्यांना वाटावे. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘देवदास’मध्ये उशिराचे हे सूत्र अगदी उघड्यावर येते. शिकण्यासाठी कलकत्त्याला धाडलेला मुलगा परततो तो बाल्यातील जिव्हाळा ओळखावयास कचरतो. ओळखतो तेव्हा पार्वतीचे लग्न ठरलेले असते. दिलेले वचन पाळण्यासाठी तो मरणाच्या पावलांनी तिच्या दारी येतो, तोही मध्यरात्री. तिला कळते तेव्हा सारे आटोपलेले असते. या कादंबरीवर भावविवशतेचा आरोप होतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. दुःखाची चव घेत राहणाऱ्या नायकावर लेखक फार लोभावला आहे. अशा ठिकाणी वाचक स्वतःच्याच अश्रूंवर संतुष्ट होण्याची भीती असते. शरच्चंद्रांनाही ही उणीव ठाऊक असावी, कारण त्यांचा खरा करुण वेगळ्या ठिकाणी आहे.

‘अभागीर स्वर्ग’ ही त्यांची कथा घ्या. गावातल्या मुखर्जींच्या वृद्ध पत्नीची चिता मोठ्या थाटात पेटते. दुले या हीन मानलेल्या जातीची अभागी दूर उभी राहून तो धूर पाहते. मुलाने अग्नी दिला की स्वर्गाचा रथ येतो, अशी तिची श्रद्धा. आपल्यालाही तो अग्नी मिळावा एवढीच तिची इच्छा. ती मरते. अंगणातले बेलाचे झाड तिने स्वतः लावलेले. पण जमीनदाराचा कारभारी ते तोडू देत नाही. अखेर पेटत्या गवताची एक चूड तिच्या तोंडाला लावून तिला नदीकाठी पुरतात आणि पोरका कंगाली त्या चुडीचा बारीक धूर पाहत राहतो. निरुपमेला चंदनाची चिता मिळाली आणि माया मिळाली नाही. अभागीला मुलाची माया मिळाली आणि चार लाकडे मिळाली नाहीत. या दोन चितांमध्ये त्या काळचा वंगसमाज पुरता मावतो. शोक घरातला खरा, पण त्याची कारणे घराच्या उंबऱ्याबाहेर आहेत, हे या कथेने दाखवून दिले.

या परंपरेचा कळस म्हणजे विभूतिभूषण वंद्योपाध्यायांची ‘पथेर पांचाली’. कलकत्त्याच्या ‘विचित्रा’ मासिकात क्रमशः येऊन ती १९२९ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. निश्चिंदीपूर या खेड्यातील हरिहर पोटासाठी बाहेर गेला आहे. मागे सर्वजया, दुर्गा आणि अपू. दुर्गेला आगगाडी पाहण्याची भारी हौस. तापाने अंथरुणाला खिळली असताना ती भावाला म्हणते की बरी झाले म्हणजे मला एकदा गाडी दाखव. ज्या गाडीने घरे दुभंगली, ती गाडी या मुलीच्या लेखी सुखाची परमावधी आहे, आणि ती तिला कधीच दिसत नाही. पावसात भिजून आलेल्या तापात दुर्गा जाते. काही दिवसांनी हरिहर परततो. त्याला काही ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक करून दाखवू लागतो आणि त्यांत दुर्गेसाठी आणलेले लुगडे असते.

त्या लुगड्यात साऱ्या कादंबरीचे सार आहे. बाप अजून आशेच्या अलीकडे आहे. आई आणि वाचक पलीकडे. मघाशी सांगितलेली सापेक्ष-निरपेक्षाची सीमारेषा एका वस्त्राच्या घडीवरून जाते. १९५५ मध्ये सत्यजित राय यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा या प्रसंगी त्यांनी सर्वजयेचा आक्रोश ऐकू येऊ दिला नाही. तिच्या कंठाच्या जागी तारशहनाईचा स्वर ठेवला. शोकाचा शब्द आवरून धरावा, वस्तूला बोलू द्यावे, हा रवींद्रनाथांपासूनचा धडा चित्रपटानेही गिरविला. विभूतिभूषण तर याहून पुढे जातात. दुर्गेवर एके काळी सोन्याच्या कुंकवाच्या डबीच्या चोरीचा आळ आला होता. गाव सोडताना ती डबी अपूच्या हाती लागते आणि तो ती कोणाला न दाखविता वेळूच्या बनात फेकून देतो. बहिणीची अब्रू राखावयास त्यालाही उशीर झालेला असतो, पण जेवढी राखता येते तेवढी तो राखतो.

आपल्या मराठीत याच काळात हरिभाऊ आपट्यांनी वेगळा मार्ग धरला. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. पुण्यातील मध्यमवर्गीय घरातली यमू स्वतःची कहाणी स्वतःच्या घरगुती वाणीत सांगते. ती विधवा होते, फसवून आणि बळजबरीने तिचे केशवपन होते, आणि तरीही तिची वाणी कडवट होत नाही. वंगकथा रस्त्याच्या अंतरातून करुण साधते. हरिभाऊ एकाच वाड्यातील माजघर आणि ओसरी यांमधील अंतरातून साधतात. नवरा कोसभर दूर असो की भिंतीपलीकडे असो, ऐकू न जाणे हे दोन्हीकडे सारखेच. ग्रंथाचे नावच वाचकाला विचारलेला प्रश्न आहे. म्हणून येथे विचारावयास हवे : लक्षात घेणाऱ्यांनी पुढे काय केले?

इतिहासाचे उत्तर सुखद नाही. ‘देनापावना’ हजारोंनी वाचली, हजारोंनी डोळे पुसले. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, स्वतः रवींद्रनाथांना थोरल्या मुलीच्या, माधुरीलतेच्या, विवाहात वरपक्षाची पैशाची मागणी पुरी करावी लागली. ज्या लेखणीने निरुपमा घडविली, तिच्या धन्यालाही रूढीपुढे मान तुकवावी लागली. आणि १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्यात स्नेहलता मुखोपाध्याय या मुलीने स्वतःला जाळून घेतले. तिच्या हुंड्यासाठी बाप राहते घर गहाण टाकावयास निघाला होता. ते घर वाचावे म्हणून तिने देह टाकला. तेवीस वर्षांपूर्वीची कथा जणू घरात येऊन उभी राहिली. शहर हादरले, सभा झाल्या, तरुणांनी हुंडा न घेण्याच्या शपथा घेतल्या. पण तो कळवळाही निरुपमेच्या नवऱ्याच्या पत्रासारखाच होता. तो आला तेव्हा मुलगी उरली नव्हती.

त्याच वर्षी ‘सबुज पत्र’ मासिकात रवींद्रनाथांच्या दोन कथा आल्या. ‘हैमंती’त पुन्हा एक सून झुरून मरते आणि नवरा स्वतःच्या भ्याडपणाचा जबाब देतो. ‘स्त्रीर पत्र’ मात्र अगदी निराळी आहे. कलकत्त्यातील माखन बडाल गल्लीतल्या सत्तावीस नंबरच्या घरची मधली सून मृणाल जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते. तिने आसरा दिलेली बिंदू नावाची पोरकी मुलगी बळजबरीच्या लग्नानंतर कपड्यांना आग लावून मेली आहे. मृणाल तिच्यासाठी रडते. पण तेवढ्यावर थांबत नाही. मी त्या गल्लीत परत येणार नाही, आणि मरणारही नाही, असे ती कळविते. बिंदूच्या बाबतीत तिला उशीर झाला होता. स्वतःच्या बाबतीत तिने तो होऊ दिला नाही. वंगकथेतील करुणाने येथे पहिल्यांदा डोळे पुसून चालावयास आरंभ केला.

कथेतील करुणा कृतीकडे कशी वळते याचे आणखी एक चित्र रवींद्रनाथांनी १८९२ मध्येच रेखाटले होते. ‘काबुलीवाला’ आपल्या सर्वांच्या आवडीची कथा आहे. तुरुंगातून सुटलेला रहमत मिनीला भेटावयास येतो तो नेमका तिच्या लग्नाच्या दिवशी. त्याच्या छातीशी एक मळका कागद असतो आणि त्यावर दूर डोंगरात राहिलेल्या त्याच्या मुलीच्या इवल्या हाताचा काजळीचा ठसा. मिनीचे वडील तो ठसा पाहतात आणि आपणही बाप आहोत एवढेच त्यांना कळते. मग ते एक नोट काढून रहमतला देतात आणि मुलीकडे जावयास सांगतात. त्या खर्चापायी लग्नातील बँड आणि दिव्यांची रोषणाई कमी करावी लागते. घरातील बायका नाराज होतात. साऱ्या कथेतील सर्वांत थोर तपशील मला हाच वाटतो. त्या गृहस्थाच्या करुणेला काही किंमत पडली आणि ती त्याने रोख मोजली.

कथेतील दुर्गा आपल्याला वाचविता येत नाही. ग्रंथ उघडण्यापूर्वीच तिचे मरण लिहून ठेवलेले असते, आणि म्हणूनच तेथे आपला शोक निर्भेळ राहतो. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरण म्हणून जे सांगितले, त्याचा अर्थ असा की कथेतील शोक कोणा एकाचा न उरता सर्वांचा होतो. सर्वांचा झाला याचा एक अर्थ असाही होऊ शकतो की तो कोणाचाच राहिला नाही. १९६१ मध्ये देशात हुंडाबंदीचा कायदा झाला. तरीही २०२२ या वर्षी सरकारी नोंदीत देशभरातील हुंडाबळींची संख्या सहा हजारांहून अधिक होती. निरुपमेच्या मरणानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण तिच्यासाठी रडत आलो आहोत.

यावरून करुण कथा निष्फळ ठरल्या असे मात्र कोणी म्हणू नये. विषवृक्षातील ‘काल’, निरुपमेच्या नवऱ्याचे पत्र, फटिकच्या आईची धाव, दुर्गेचे लुगडे या सर्वांनी आपल्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखविली आहे : माणसे बहुधा मायेच्या अभावी मरत नाहीत, माया वेळेवर न पोचल्यामुळे मरतात. हे ज्ञान नीतिपाठातून येत नाही. ते रडल्याखेरीज अंगी मुरत नाही. पुस्तक मिटल्यावर मात्र आपण पुन्हा अशा जगात येतो की जेथे पत्र अजून टाकता येते, पैसे अजून पाठविता येतात, मुलीला अजून घरी आणता येते आणि रोषणाईचे दोन दिवे अजून कमी करता येतात. वंगकथेतील बापाला तेवढी सवड मिळाली नाही. ती आपल्याला आहे, आणि तिचा विसर पडू नये म्हणूनच या कथा पुन्हा पुन्हा वाचावयाच्या असतात.